आंघोळीचा हंडा

साचा उघडला तेव्हा आतलं बाळ हिरवं निघालं.

व्हॅलेन्सियाने ते खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं. गडद नव्हे, कच्च्या पेरूच्या गरासारखी फिकट हिरवी झाक. तिने दुसरा साचा उघडला, मग तिसरा. सगळी बाळं तशीच. कुठे तडा नाही, नाक तुटलेलं नाही, छातीशी जुळवलेले हात नीट उतरलेले. इतकं चांगलं काम बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं, आणि रंग मात्र आजारी माणसाच्या तोंडासारखा.

"मम्मी, जरा आत येता का?"

एमिलिया ओसरीवर मेणाचे पाय रद्दीच्या कागदात गुंडाळत बसली होती. गुडघ्यावर हात देत ती उठली, आत आली आणि एक बाळ उचलून तिने उलटंसुलटं करून पाहिलं. सुनेकडे पाहायच्या आधी तिने ते नाकाशी नेलं.

"काय घातलंस ह्यात?"

"काही नाही. मेण आणि स्टिअरिक. नेहमीचंच."

"नेहमीचं असतं तर नेहमीसारखं निघालं असतं," एमिलिया म्हणाली. "परवा सण आहे. हे कोण घेणार? माउलीच्या पुढे कुजलेलं पोर ठेवायचं का लोकांनी?"

बोरीवलीच्या पश्चिमेला टॉवरांच्या मधोमध जे गावठाण अजून तग धरून आहे, त्यात हे घर. घरचा धंदा मेणाच्या नवसांचा. ज्याचा गुडघा दुखतो तो मेणाचा पाय घेतो, डोळ्याचं ऑपरेशन असेल तर डोळे, भाड्याला कंटाळलेले लोक घर नेतात. अलीकडे कॅनडाला जाणारे विमान मागतात. ज्या बाईची कूस रिकामी ती बाळ नेते. गिऱ्हाईक सगळ्या धर्मांचं, कारण दुखणं आलं की माणूस कोणाच्याही दारात उभं राहतं. सप्टेंबरातल्या माउलीच्या सणाला हे सगळे अवयव देवळात, म्हणजे चर्चमध्ये, वाहिले जातात. सण झाला की देवळाचा माणूस ते गोणीत भरतो आणि एमिलियाच विकत घेते. पुढल्या वर्षी त्याच पायांचे हात होतात आणि हातांची बाळं. गिऱ्हाइकांना हे कोणी सांगत नाही, आणि माउलीची काही तक्रार आल्याचं ऐकिवात नाही.

ओतायचं काम व्हॅलेन्सियाला सासऱ्याने, गिल्बर्टने शिकवलं. नुसतं पॅराफिन म्हणजे आळशी मेण, तो सांगायचा. साच्याला चिकटून बसतं आणि जरा ऊन लागलं की मान टाकतं. त्यात स्टिअरिक ॲसिडचे पांढरे दाणे वितळवले की मेण कडक होतं, दुधासारखं पांढरं होतं आणि थंड होताना किंचित आकसून आपणहून साचा सोडतं. फार घातलं तर ठिसूळ होतं, बाळांची बोटं मोडतात. "ॲसिड म्हणतात, पण भिऊ नको, चरबीच ती," गिल्बर्ट म्हणायचा. "गुरांच्या नाहीतर पामतेलाच्या. तुझ्या साबणात तेच, तोंडाच्या क्रीममध्ये तेच, वॉरेनच्या स्कूटरच्या टायरमध्येपण तेच." त्या घरात तिला नीट समजावून सांगणारा तो एकच माणूस, आणि तो चार वर्षांपूर्वी वारला. एक गोष्ट मात्र त्याने कधी सांगितली नाही, कारण ती कोणी विचारली नाही. तो जन्मभर एका पोचे पडलेल्या ॲल्युमिनियमच्या टोपातच मेण वितळवत आला. का, ते त्याच्याबरोबर गेलं.

तो टोप ह्याच आठवड्यात तळाला फुटला होता. मेण शेगडीवर सांडलं, भडका उडाला, व्हॅलेन्सियाच्या मनगटाला चटका बसला. एमिलियाने आधी सांडलेलं मेण खरवडून घेतलं आणि मग मनगटाकडे पाहिलं.

"माळ्यावरचा हंडा काढ," ती म्हणाली.

"तो नको, मम्मी. नवा टोप आणते ना मी मार्केटमधून."

"नव्याला कशाला पैसे घालायचे? तो तसाही पडूनच आहे."

तो हंडा तांब्याचा होता. उत्तनहून लग्नात व्हॅलेन्सियाच्या आईने दिलेला. पहिल्या नातवंडाच्या आंघोळीचं पाणी त्यातच तापवायचं, असं बजावून दिलेला. भांड्यावर नाव घालायची पद्धत असते तसं आईने काठाखाली कोरून घेतलं होतं: 'आजीकडून चि.' आणि पुढे जागा सोडली होती. नाव पडलं की भांडीवाल्याकडून टोचून घ्यायचं. आई गेली. जागा तशीच राहिली. अकरा वर्षं हंडा माळ्यावर कापडात गुंडाळून होता आणि त्या कापडाची गाठ कुठे आहे हे व्हॅलेन्सियाला डोळे मिटून सांगता आलं असतं.

तिने तो खाली काढला. तांबं काळवंडलं होतं. हंडा मोठ्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात बसवला, त्यात देवळातलं जुनं मेण टाकलं. मेण मऊ वाटतंय म्हणून एमिलियाने स्टिअरिक वर दोन ओंजळी जास्त घालायला लावलं. दिवसभर ते मंद आचेवर राहिलं. पातळ मेणातून तळाचं काळं-लाल तांबंच दिसत होतं, त्यामुळे आत काय चाललंय ते कोणाला कळलं नाही. स्टिअरिक तांबं खातं आणि खाल्लेलं तांबं हिरवं होऊन मेणात उतरतं, एवढी साधी गोष्ट. ती त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हती.

"तुझ्या आईचा हंडा," एमिलिया आता बाळ खाली ठेवत म्हणाली. "देतानाच काय मनात धरून दिला होता देव जाणे."

व्हॅलेन्सियाने उरलेले साचे पुसायला घेतले. तिला बोलायचं होतं, पण दुसऱ्याच गोष्टीबद्दल, आणि ते बोलायचं कबूल तिच्या नवऱ्याने, वॉरेनने, केलं होतं. दरवर्षी सणाला एमिलिया एक बाळ निवडून तिच्या हातात द्यायची. सगळ्या गावठाणादेखत, मिस्साच्या प्रार्थनेआधी, व्हॅलेन्सिया ते दोन्ही हातांत धरून देवळाच्या मधल्या वाटेने चालत जायची. पहिल्या वर्षी बायका हसून म्हणाल्या, पुढच्या वर्षी खरं घेऊन ये. मग हसणं थांबलं. मग बायका ती जवळून जाताना बोलणं थांबवू लागल्या. तिला फक्त एवढं हवं होतं की ह्या वर्षी ते बाळ धरून चालायचं नाही. दुसरं काही मागायचं तिने केव्हाच सोडलं होतं.

कारण दोष तिच्यात नव्हता. कांदिवलीच्या डॉक्टरने दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. येताना रिक्षात वॉरेन रडला होता, भर सिग्नलवर, आणि तिच्याकडून वचन घेतलं होतं की हे घरात कळणार नाही. वचन तिने पाळलं. त्याने बदल्यात ह्या वर्षी एक वचन दिलं होतं: "मी बोलतो मम्मीला. आता पुरे झालं म्हणून सांगतो. प्रॉमिस."

दुपारी रश्मी आली. समोरच्या टॉवरमधली. तीन वर्षांपूर्वी ती इथूनच बाळ घेऊन गेली आणि वर्षभरात तिला मुलगा झाला. आता उतराईचं बाळ वाहायचं होतं. मुलगा कडेवर होता. तो व्हॅलेन्सियाला पाहताच झेपावला, कारण संध्याकाळी आयाबरोबर खेळायला आला की ती त्याला मेणाचे गोळे करून द्यायची. त्याला नीट बोलता येत नव्हतं, पण घरातल्यांसारखं 'वेली' म्हणता यायचं. ती त्याला मांडीवर घेऊन बसली.

"अय्या, हा काय कलर?" रश्मीने टेबलावरच्या रांगेकडे पाहून विचारलं.

"हिचं काम," एमिलिया म्हणाली. "माझे सांधे धरलेत ना. बाळं आता हीच ओतते."

"म्हणजे मी नेलेलं तेपण?"

"सगळीच."

रश्मीने व्हॅलेन्सियाकडे पाहिलं, मग तिच्या मांडीवरच्या मुलाकडे. आवाज खाली आणून तिने विचारलं, "आणि ह्यांना स्वतःला...?"

"कुठे काय. दरवर्षी वाहते. माउली ऐकत नाही." एमिलियाने उसासा टाकला आणि मग, रागाच्या भरात नव्हे, अगदी शांतपणे म्हणाली, "दुसऱ्यांची बाळं ओतता ओतता कोणाच्या मनात काय येतं, आपल्याला काय दिसतं? आजवर दिसलं नव्हतं. आता दिसलं."

वॉरेन दारात बूट काढत होता. अंधेरीला एसी दुरुस्तीचं काम लवकर आटोपून आला होता. त्याने सगळं ऐकलं. व्हॅलेन्सियाने त्याच्याकडे पाहिलं.

"जाऊ दे ना, मम्मी," तो म्हणाला आणि मोरीत पाय धुवायला गेला.

"शोनू, चल," रश्मी म्हणाली. तिने मुलाला उचललं. तो हात पसरून रडायला लागला तशी तिने त्याची मूठ उघडून आतला मेणाचा गोळा काढला आणि टेबलावर ठेवला, फार हळू, कोणाला वाईट वाटू नये अशा बेताने. "मी बाळ पुढच्या वर्षी वाहीन, काकी. घाई नाहीये."

ती गेल्यावर व्हॅलेन्सिया मोकळ्या मांडीकडे पाहत तशीच बसून राहिली. तिच्या फ्रॉकवर मुलाची लाळ होती. ती तिने पुसली नाही. इतकं साधं दुःख कोणाला सांगावं हे तिला कळत नव्हतं, कारण ते मूल तिचं नव्हतंच.

रात्रीच्या जेवणाला कोळंबीची कढी होती. ताटं वाढून झाल्यावर एमिलिया उठली, टेबलावरच्या रांगेतून त्यातल्या त्यात कमी हिरवं बाळ तिने शोधलं आणि आणून व्हॅलेन्सियाच्या ताटाशेजारी ठेवलं.

"हे तुझं. बाकीची कोण घेणार नाय. तुला काय, तुझंच आहे."

व्हॅलेन्सियाने नवऱ्याकडे पाहिलं. "वॉरेन, बोल ना."

वॉरेनने भात कालवला. "सण होऊ दे. मग बसून बोलू."

"तू प्रॉमिस केलं होतंस."

"आता जेवताना कशाला गं?"

व्हॅलेन्सियाने बाळ ताटापासून दूर सरकवलं. तिचा आवाज चढला नाही. इतकी वर्षं तो चढवायची सवयच राहिली नव्हती.

"मम्मी, मी नाही नेणार. माझ्यात काही दोष नाही. डॉक्टरने सांगितलंय, दोघांना. ह्याच्यात आहे."

वॉरेनचा घास हातातच राहिला. एमिलिया कोळंबी सोलत होती. तिने शेपूट मोडून ताटाच्या कडेला ठेवली.

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"बारावीला होता तेव्हा गालगुंड झाले. नुसते गालाला नाय, खालीपण सुजला. डॉक्टर तेव्हाच बोलला, आम्हा दोघांना. ह्याला पोर होईलसं वाटत नाही म्हणून. गिल्बर्ट रडला होता. ह्याच्यासारखाच रडका."

व्हॅलेन्सियाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग तिला गिल्बर्ट आठवला, शेगडीपाशी बसून साचे कसे पुसायचे हे इतक्या मायेने शिकवणारा. त्यालाही ठाऊक होतं. माया त्याने दिली, पण तेवढं सांगितलं नाही.

"मग माझ्याशी लग्न का लावलंत?"

"लग्न सगळ्यांचंच होतं," एमिलिया म्हणाली.

"आणि दरवर्षी हे बाळ? मला माझंच वाटायचं, आपलंच काहीतरी..." तिला पुढे बोलवेना.

"मग कोणी न्यायचं? त्याने? बाप्या माणसाच्या हातात मेणाचं पोर दिलं तर गावठाण हसेल. जन्मभर नाव पडेल त्याला. तुला कोण हसतं? तुझी कीव करतात. कीव केल्याने कोण मरत नाय." तिने कढीची वाटी पुढे ओढली. "देवाचं काय, त्याला नवस पोचला म्हणजे झालं. आणलाय कोणी ते तो बघत नाय."

"तुला माहीत होतं, मम्मी?" वॉरेनने विचारलं.

व्हॅलेन्सिया त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. आता तरी तो चिडेल, ताट लोटेल, असं तिला वाटत होतं. त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही. खांदे सैल पडले, कपाळावरची आठी गेली. इतकी वर्षं जे आईपासून लपवायचं ओझं होतं ते उतरलं होतं, आणि त्याला फक्त हलकं वाटत होतं. त्याने हातातला घास तोंडात घातला.

"थोडा भात दे गं," तो बायकोला म्हणाला.

तिने दिला. देताना तिच्या लक्षात आलं की आपण ह्या माणसाचा अजिबात तिरस्कार करत नाही आहोत. तेवढी त्याची किंमतच उरली नव्हती.

सणाच्या सकाळी देऊळ भरलं होतं. एमिलिया ठेवणीतलं लुगडं नेसून पुढच्या बाकावर बसली होती. व्हॅलेन्सिया वॉरेनबरोबर दारापाशी रांगेत उभी राहिली, हातात ते हिरवट बाळ. मेणबत्त्यांच्या उजेडात ते अधिकच हिरवं दिसत होतं. पुढच्या बाईच्या हातात मेणाचा गुडघा होता, तिच्या पुढच्या माणसाकडे विमान. रांग सरकली. मधली वाट सुरू झाली तिथे व्हॅलेन्सिया थांबली, वळली आणि तिने बाळ वॉरेनच्या हातात दिलं.

"ए, काय करतेस?" तो कुजबुजला.

"तुझंच आहे," ती म्हणाली आणि मोकळ्या हातांनी पुढे चालू लागली.

तिने हे आदला दिवसभर मनात घोळवलं होतं. गावठाण पाहील, हसेल, कोणीतरी विचारेल, आणि एकदा विचारलं की तिला काही सांगावं लागणारच नाही. तिचे कान मागे लागले होते. वॉरेन मागून येत होता, त्याच्या बुटांचा आवाज तिला कळत होता. दोन्ही बाजूंच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. ती वाढत गेली आणि मग तिला शब्द ऐकू आले.

"बघ गं, बायकोच्या बदली त्याने उचललं."

"बिचारा. किती सोसतो तिच्यासाठी."

"असा नवरा मिळायला नशीब लागतं बाई. दुसऱ्याने केव्हाच सोडली असती."

कोणीही हसलं नाही. म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. व्हॅलेन्सियाने मागे वळून पाहिलं. सुरुवातीला खाली गेलेली वॉरेनची मान आता वर आली होती. त्याने बाळ छातीशी नीट धरलं होतं, एक हात डोक्याखाली, जसं खऱ्या मुलाला धरतात तसं, आणि तो हळू चालत होता, लोकांना दिसावं इतका हळू. वेदीपाशी पोचल्यावर त्याने ते ठेवलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

बाहेर आल्यावर बायका एमिलियाभोवती जमल्या. पोराला वळण चांगलं लावलंस, त्या म्हणाल्या. एमिलियाने सुनेकडे एकदा पाहिलं. रागाने नव्हे. चांगला माल निघाला की ती साच्याकडे जशी पाहायची, तशी.

"पुढच्या वर्षीपण त्यालाच देऊ दे," ती म्हणाली. "लोकांना आवडलं."

रश्मीचं सांगणं टॉवरमधल्या बायकांत पसरलं होतं. त्या वर्षी एकही बाळ विकलं गेलं नाही. सणानंतर देवळातून गोणी आली. वर ते हिरवं बाळ होतं, चेपून एका बाजूने सपाट झालेलं. व्हॅलेन्सियाने ते बाकीच्या हिरव्या बाळांत टाकलं. वाया कशाला घालवायचं म्हणून एमिलियाने त्यांच्या नाताळच्या मेणबत्त्या करायला लावल्या, आणि मेणबत्त्या अशा खपल्या की अंधेरीच्या एका दुकानाने आणखी मागवल्या. असला मऊ हिरवा रंग डब्यातल्या रंगाने येत नाही, दुकानदार म्हणाला. कशाने येतो तेही त्यानेच फोनवर सांगितलं. एमिलियाने मान डोलावली.

"हंडा बरा निघाला," ती सुनेला म्हणाली. "तुझ्या आईने काहीतरी कामाचं दिलं. आता हाच ठेव. टोप नको आणायला."

शोनू पुन्हा आला नाही. कधी आया त्याला घेऊन समोरून जायची आणि तो मान वळवून ओसरीकडे पाहायचा. मग हळूहळू पाहायचा थांबला. लहान मुलं विसरतात, आणि व्हॅलेन्सियाला त्याचा राग नव्हता.

डिसेंबरच्या एका दुपारी शेवटची भट्टी उतरवून तिने हंडा घासायला मोरीत नेला. नाताळच्या घाईत तो सरळ शेगडीवरच चढत होता, बाहेरून धुराने काळाठिक्कर झाला होता. 'आजीकडून चि.' कुठे आहे ते बोटाने चाचपून सापडत होतं, आणि त्यापुढची सपाट जागाही. ती काजळी तिने घासली नाही. तळाशी चिकटलेलं मेण तेवढं तिने गरम पाण्याने सोडवलं, फडक्याने पुसून काढलं आणि हंडा खिडकीकडे तिरका केला.

आतून तो लखलखत होता. इतक्या वर्षांचं काळवंडलेपण स्टिअरिकने खाऊन टाकलं होतं, कुठे डाग नाही, ओरखडा नाही. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, ह्या घरात आजच बाळ आलंय आणि पहिल्या आंघोळीसाठी कोणीतरी पहाटे उठून हंडा घासून ठेवलाय.

"वेली," ओसरीवरून एमिलियाने हाक मारली. "मेण फोडून ठेवलंय."

"आले," ती म्हणाली आणि हंडा उचलून शेगडीकडे गेली.